स्टोअरच्या मागची घूस

किसन माझ्या खोलीत राहायला आला, तेव्हा त्याने आधी खाट हलवून पाहिली, मग गादी उलटी करून पाहिली, आणि मग मला विचारलं की या खाटेवर आधी कोण होतं आणि तो का गेला. मी सांगितलं, एक मल्याळी होता, लग्न ठरलं म्हणून गावी गेला. किसनने मान डोलावली, पण पटलेलं काही दिसलं नाही. जेवताना त्याने पुन्हा विषय काढला.

"लगीनच व्हतं न्हवं नक्की? का दुसरं काय?"

मला तेव्हाच राग आला. माणूस लग्नाला गेला, त्यात दुसरं काय असायचंय? पण किसनबरोबर राहायचं तर रोज रागावून भागत नाही, हे मला लवकरच कळलं.

आमचं काम कतारमध्ये, अल रय्यानच्या पश्चिमेला. शहराचं सांडपाणी स्वच्छ करून तिथे मोठाल्या तळ्यांत सोडतात आणि त्या पाण्यावर जनावरांचा चारा पिकवतात. तळ्यांना मातीचे बांध आहेत, आणि बांधांच्या कडेने माणूस बुडेल इतकं उंच पाणगवत. किसन तिथे पंप ऑपरेटर, मी स्टोअरकीपर. तो सांगली जिल्ह्यातला, वाळवा तालुक्यातला. मी अबूबकर, श्रीवर्धनचा. सगळ्या साइटवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून कॅम्पमध्ये आम्हाला एक खोली दिली होती.

किसनचा संशय कोणा एकावर नसायचा, तो सरसकट असायचा. दुधाचा करक चहा विकणाऱ्याने चहा लवकर दिला, तर तो मघाचा गरम करून दिलेला असणार. साहेब हसून बोलले, तर शुक्रवारी कामाला बोलावणार. बायको अंबिका व्हिडिओ कॉलवर जरा जास्त हसली की हा तिला म्हणायचा, कॅमेरा गोठ्याकडं फिरव. म्हैस जागेवर दिसली की मग पुढचं बोलणं. वहिनीही धन्य, फोन उचलला की त्या आधी म्हैसच दाखवायच्या.

हे त्याच्यात कुठून आलं, ते एकदा त्यानेच सांगितलं. त्याचे वडील कालव्यावर पाटकरी होते. शेताशेताला पाणी सोडायचं आणि कालव्याचा भराव सांभाळायचा, हे त्यांचं काम. भरावाला घूस लागली की ती आतून पोखरत जाते. वरून सगळं ठाकठीक दिसतं आणि एक दिवस पाणी भलत्याच रानात शिरतं. म्हणून वडील लहानग्या किसनला घेऊन भरावावर काठी आपटत फिरायचे, कुठे पोकळ वाजतंय का ते ऐकत. मला वाटतं, किसन अजूनही तेच करतो. फक्त आता तो काठी माणसांवर आपटतो.

आणि तरीही या माणसाने माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. अंबिकावहिनी दरवर्षी त्याच्याबरोबर कैरीच्या लोणच्याची बरणी द्यायच्या. किसन बरणीच्या लेबलवर, लोणचं जिथवर असेल तिथे, बॉलपेनने रेघ मारून ठेवायचा, म्हणजे कोणी हात मारला तर कळावं. माझ्या खोलीत आल्यावरही सुरुवातीला ती रेघ होती. मग एकदा मला सडकून ताप आला. किसनने पेज करून दिली, वर लोणच्याची फोड ठेवली, आणि त्यानंतर रेघ मारणं बंद झालं. बरणी आमच्या दोघांच्या मधल्या फळीवर राहू लागली. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुझं येगळं हाय, अबूभाय."

गेल्या हिवाळ्यात त्याला तळ्यावर पाणगवताचे तुकडे तरंगताना दिसू लागले. विळ्याने कापल्यासारखे, तिरपे. किसनने लगेच ठरवलं की शेजारच्या मजऱ्यावरचा, म्हणजे शेतावरचा, सुदानी गुराखी आपल्या शेळ्यांसाठी आमचं गवत कापून नेतो. तो मुद्दाम त्या गुराख्याकडे जाऊन बसला. त्याचा चहा प्यायला, त्याचा विळा हातात घेऊन पाहिला. विळा गंजलेला होता. गुराख्याने निघताना मूठभर खजूर दिले, आणि तिथेच सगळं बिघडलं. फुकट खजूर कोण देतं, असं म्हणत किसन ते खजूर खात खोलीवर आला.

मग माझी पाळी आली. स्टोअरच्या मागे एका गळक्या नळाच्या ओलीवर मी चार मुळे आणि रताळ्याचे वेल लावले होते. एका सकाळी मुळ्यांचा पाला गायब. काही दिवसांनी रताळीही उकरलेली. मी म्हणालो, मांजरं असतील. साइटवर मांजरं भरपूर.

"मांजार रताळं खातं व्हय?" किसन म्हणाला. "ह्यात काय तरी गडबड हाय."

त्या दिवसापासून काम संपलं की तो स्टोअरच्या मागे रिकाम्या ड्रमवर दबा धरून बसू लागला. एका संध्याकाळी तो वेगळाच चेहरा घेऊन खोलीवर आला. हातपाय धुतले आणि खाटेवर जाऊन बसला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, काय न्हाई. त्याने काय पाहिलं होतं आणि साहेबांना फोनवर काय बोलून पाठवलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

आमचे साहेब म्हणजे जैद साहेब, कानपूरचे. अतिशय तहजीबवाला माणूस. मला कायम अबूबकर भाई म्हणायचे, आत आल्यावर आधी घरच्यांची विचारपूस करायचे. दुसऱ्या दिवशी ते स्टोअरमध्ये आले आणि घरच्यांचं काही न विचारता एकदम म्हणाले, "अबूबकर भाई, शाम को स्टोर के पीछे कौन आता है?"

मी म्हणालो, कोणी नाही, मांजरं येतात.

"अच्छा. बिल्लियाँ," ते म्हणाले, आणि माझ्याकडे नको तितका वेळ बघत राहिले.

त्या आठवड्यात स्टोअरमधला माल तपासला. सगळं जागेवर होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासला, तेव्हाही जागेवर होतं, आणि त्यामुळे तर साहेबांचा चेहरा जास्तच गंभीर झाला. जुने व्हॉल्व्ह आणि पाइप भंगारात घेऊन जायला एक गाडी यायची, तिला गेटवरूनच परत पाठवलं. मग माझ्याकडची चावी काढून घेतली आणि सांगितलं की स्टोअर यापुढे साहेबांसमोरच उघडायचं. माझ्या आयडीची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली होती. दरवर्षी जे काम एका फोनवर व्हायचं, त्याला आता उत्तर होतं, देखते हैं.

मी घाबरलो. मी काय केलंय हेच मला कोणी सांगत नव्हतं, आणि न सांगितलेल्या आरोपाला उत्तर देणार कसं? नोकरी गेली तर दुसरी मिळेल, इन्शाल्ला. पण स्टोअरकीपरला अचानक घरी पाठवलं, याचा अर्थ एकच होतो. आमच्या श्रीवर्धनच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस कतारला किंवा कुवेतला आहे. मी विमानात बसायच्या आधी बातमी घरी पोचली असती, आणि माझ्या बायकोला, जन्नतला, ती बाजारात कोणाकडून तरी कळली असती. मुलगा अरहान कॉलेजात जाऊ लागलाय. त्याला लोक काय म्हणून ओळखतील, या विचाराने माझी भूक मेली.

या सगळ्यात मला एक आधार वाटत होता, किसनचा. जगावर संशय घेणारा माणूस माझ्यावर घेत नाही, तेव्हा तो तरी माझ्या बाजूचा आहे. पण किसन अलीकडे माझ्याशी तुटक बोलत होता. पंपाकडून येताना स्टोअरला वळसा घालून जायचा. एका संध्याकाळी मी जेवायला बसलो, वरणभातावर घ्यायला लोणच्याची बरणी उचलली, आणि लेबलवर निळी रेघ दिसली. ताजी, सरळ, लोणच्याच्या बरोबर वरच्या कडेला.

मी विचारलं, ही रेघ कसली?

"सवय हाय जुनी," किसन ताटाकडे बघत म्हणाला.

मी बरणी होती तिथे ठेवली आणि नुसता वरणभात खाल्ला. स्टोअरची चावी काढून घेतली तेव्हा मला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ती रेघ पाहून लागलं. साहेबांचा अधिकार होता, त्यांनी तपासलं. किसनचा काय अधिकार होता?

अशात एके दिवशी नमिता मॅडम आल्या. अकोल्याच्या, दोह्यात पर्यावरणाचा सर्व्हे करणाऱ्या एका कंपनीत काम करतात. गाडीत गमबूट, दोऱ्या, फळ्या, कॅमेरे असा संसार. साहेबांनी किसनला केबिनमध्ये बोलावलं, कारण तळी त्याच्या हाताखाली, आणि मला बोलावलं, कारण त्यांना दोरखंड आणि खुंट्या हव्या होत्या. मॅडम सांगू लागल्या की दक्षिण अमेरिकेतला एक प्राणी इकडच्या तळ्यांमध्ये शिरलाय, दोह्याच्या उत्तरेला समैस्माकडे पहिल्यांदा सापडला, आता कुठवर पसरलाय ते त्या शोधत होत्या. पाण्यातही राहतो, बांधही पोखरतो. न्यूट्रिया म्हणतात त्याला. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. मांजरापेक्षा मोठं, तपकिरी, लांब शेपटीचं जनावर, आणि पुढचे दात चक्क नारिंगी.

किसन खुर्चीतून अर्धा उठला. "ही तर घूस! म्या बघितली की हिला."

मॅडम म्हणाल्या की आपल्याकडची घूस ती वेगळी, पण दिसायला जवळपासची. त्या खूश झाल्या आणि साहेबांकडे वळून हिंदीत म्हणाल्या, यांनी पाहिलीय सर, हे म्हणतायत घूस आहे.

साहेब ताठ झाले. म्हणाले, मॅडम, माफ करा, घूस हा आमच्या कंपनीचा आतला मामला आहे, तुमच्या सर्व्हेशी त्याचा काय संबंध? मॅडम गोंधळल्या. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा किसनकडे, आणि बहुधा त्यांना वाटलं की आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी फोन काढला आणि किसनचा मेसेज सगळ्यांसमोर लावला. किसनचा आवाज केबिनभर झाला.

"साब, अपने स्टोर के पीछे घूस लगी है. बहुत बड़ी घूस. मैंने खुद देखी, शाम को. अबूबकर से पूछो, उसको सब मालूम है."

माझ्या घरात मराठी आणि उर्दू दोन्ही बोलतात. त्यामुळे ते वाक्य मला दोनदा ऐकू आलं, एकदा किसनच्या कानाने आणि एकदा कानपूरच्या. माझी रताळी खाल्ली गेली होती म्हणून मला सगळं माहीत असणार, असं किसन म्हणत होता. आणि साहेबांनी ऐकलं होतं की स्टोअरच्या मागे लाच चालते आणि ती कोण खातं ते अबूबकरला विचारा.

मी म्हणालो, "साहब, मराठी में घूस एक जानवर होता है. बड़ा चूहा. रिश्वत को हम लाच बोलते हैं."

साहेबांनी तो मेसेज पुन्हा लावला. मग फोटोकडे पाहिलं, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. किसनला त्यांनी त्या दिवशी लगेच उत्तर पाठवलं होतं की हे कोणाला सांगू नकोस, आणि किसनने ते इमानाने पाळलं होतं. साध्या उंदराचं एवढं गुपित म्हणजे तो कोणा बड्या माणसाचा पाळलेला असणार, असं त्याने आपल्या मनाशी ठरवूनही टाकलं होतं. साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले, माझा हात दोन्ही हातांत धरून माफी मागितली आणि चावी परत दिली. आयडीचं काम त्याच दुपारी मार्गी लागलं. मला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण नमिता मॅडम समोर होत्या.

बाहेर आल्यावर किसन माझ्या मागोमाग चालत होता. म्या तर जनावराचं सांगितलं व्हतं, असं तो दोनदा पुटपुटला. मी थांबलो.

"शब्दाचं मी समजू शकतो, किसन. साहेब कानपूरचे, त्यांना घूस म्हणजे लाच. पण तू काय सांगितलंस ते तुला तर माहीत होतं ना? मग त्यांनी माझं स्टोअर तपासायला घेतलं, तेव्हा तुला काय वाटलं?"

खोटं बोलायची किसनला सवय नाही, त्याची हीच एक अडचण.

"वाटलं, साहेब उगंच कशाला तपासतील? काय तरी असंलच."

म्हणजे आपणच उठवलेली आवई फिरून त्याच्या कानावर आली, आणि त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. आयुष्यात कशावरच न ठेवणाऱ्या माणसाने नेमका याच्यावर ठेवला. मी स्टोअर उघडायला गेलो.

पुढचे काही आठवडे नमिता मॅडमनी किसनला मदतीला घेतलं. तळ्यावर फळ्या तरंगत सोडायच्या, फळीवर ओल्या मातीचा थर आणि त्यात गाजराचे तुकडे. जनावर गाजराला चढलं की मातीत पाय उमटतात, आणि मागच्या पावलांच्या बोटांमधला पडदाही दिसतो. बांधाला पाण्यालगत बिळं होती, ती किसनने काठी आपटून हुडकली. मॅडम एकेक जागा नकाशावर टिपत होत्या. एक कोडं मात्र त्यांना सुटत नव्हतं. समैस्माकडचं तळं आणि आमचं तळं यांच्या मध्ये नुसती कोरडी वाळू आणि रस्ते. पाण्यावाचून हे जनावर एवढं अंतर चालून येणार नाही. म्हणजे कोणीतरी ते आणलं.

कोणीतरी आणलं, हे ऐकून किसनला नवा जोम आला. त्याच्याकडे नावं तयारच होती. तो खजूरवाला गुराखी. टँकरचे ड्रायव्हर. अल गराफाच्या कुठल्याशा व्हिलातला शौकीन मालक, जो म्हणे नाना तऱ्हेचे प्राणी पाळतो आणि ज्याला किसनने कधी पाहिलेलंही नव्हतं. माझं नाव त्यांत नव्हतं, निदान माझ्यासमोर तरी नव्हतं.

मी एकदा खुंट्या पोचवायला बांधावर गेलो होतो, तेव्हा मॅडम त्याला विचारत होत्या की बांधाच्या या बाजूचं पाणगवत बाकीच्यापेक्षा कोवळं कसं. किसनने सांगितलं की ते आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात लावलंय. बांधाची माती धरून राहावी म्हणून मुळांसकट गड्डे आणले होते, समैस्माकडून, ट्रक भरून, वर ओली गोणपाटं टाकून.

"उतरवले कोणी?" मॅडमनी विचारलं.

"म्याच की. एकेक गड्डा हातानं उतरवून पाण्यात..."

आणि तिथे तो थांबला. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की बहुतेक तसंच झालं असावं, या प्राण्याची पिल्लं जन्मतःच पोहतात, पळतात, ओल्या गड्ड्यांत लपून आली असतील, तुम्हाला कळणार कसं? किसन बांधावर खाली बसला. काठी त्याने शेजारी आडवी ठेवली. त्याचा तो चेहरा पाहून माझा सगळा राग गेला. कीव आली म्हणा किंवा माया, पण मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं.

संध्याकाळी खोलीवर आलो, तर तो बरणी मांडीवर घेऊन नखाने लेबल सोलत होता. रेघ पुसली जात नव्हती, म्हणून अख्खं लेबलच काढत होता. नीट साफ करून, पुसून त्याने बरणी मधल्या फळीवर नाही, माझ्या बाजूच्या फळीवर ठेवली.

"घूस म्याच आणली, अबूभाय," तो म्हणाला. "दोन्ही येळंला."

मी त्याला म्हणालो, खलास, झालं ते झालं. मनापासून म्हणालो. आम्ही एकत्र जेवलो, आणि मी दोनदा लोणचं वाढून घेतलं. अंबिकावहिनींचा फोन आला तेव्हा किसन म्हशीचं विसरला, त्यांनीच आठवणीने दाखवली. आम्ही तिघंही हसलो. जेवण झाल्यावर मी बरणीचं झाकण लावलं, आणि फळीवर ठेवायच्या आधी ती दिव्यासमोर धरून, लोणचं कुठवर आलंय ते नीट पाहून ठेवलं.